खरी नक्कल

नक्कल ओळखायला मला दीड मिनिट लागतं. यात हुशारी काही नाही. एकच उत्तर दोनशे वेळा वाचलं की दोनशे एकाव्या वेळी पहिल्या ओळीतच ते कुठून आलं हे कळतं. गाईडमधलं उत्तर व्याख्येपासून सुरू होतं. इंटरनेटवर सगळ्यात वर दिसणाऱ्या पानावरचं उत्तर ‘आजच्या धावपळीच्या युगात’ असं सुरू होतं. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत यंत्राकडून लिहून घेतलेली उत्तरं यायला लागली आहेत. त्यांचा प्रत्येक परिच्छेद सारख्या उंचीचा असतो आणि शेवटी ‘निष्कर्षतः’ असतं. ‘निष्कर्षतः’ हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी तोंडाने उच्चारलेला मी ऐकलेला नाही.

मी एका विद्यापीठाच्या ऑनलाइन बी.ए.साठी बेलापूरच्या अभ्यासकेंद्रात समन्वयक आहे. आधी पंधरा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवत होते. तासिका संपल्या, तत्त्व राहिलं, तेव्हा हे काम घेतलं. आमचे विद्यार्थी बहुतेक नोकरी करणारे. तुर्भ्याच्या कारखान्यांत, बेलापूरच्या कार्यालयांत, दुकानांत, दवाखान्यांत. वर्ग महिन्यातून दोन शनिवारी, बाकी सगळं मोबाइलवर. प्रत्येक विषयाला तीन स्वाध्याय असतात. ते संकेतस्थळावर चढवायचे, मी कोपरखैरण्याला घरी जेवणाच्या टेबलावर बसून तपासायचे आणि तक्त्यात शेरा भरायचा. शेरा हाताने लिहायचा नसतो, तीनपैकी एक निवडायचा असतो: ‘समाधानकारक’, ‘असमाधानकारक’, ‘नक्कल आढळली’. तिसरा निवडला की विद्यार्थ्याला आपोआप पत्र जातं.

पहिल्या वर्षी टाइप केलेले स्वाध्याय येत. ते इतके जसेच्या तसे असत की निळी अधोरेखित अक्षरंसुद्धा तशीच राहत. एकाने उत्तराच्या मध्यावर ‘अधिक वाचा’ आणि त्याखाली ‘जाहिरात’ एवढंही ठेवलं होतं. मग आम्ही ठरवलं की स्वाध्याय हाताने लिहूनच घ्यायचे, फोटो काढून चढवायला सांगायचे. निदान लिहिता लिहिता दोन ओळी डोक्यात तरी जातील. दुसऱ्या वर्षी ‘अधिक वाचा’ सुवाच्य हस्ताक्षरात आलं. परवा परवा एका उत्तराच्या शेवटी निळ्या शाईने लिहिलेलं होतं, ‘तुम्हाला हवे असल्यास मी हे उत्तर आणखी सोपे करून देऊ शकतो.’ अक्षर छान, वळणदार. यंत्र बोललं तेही उतरवलं होतं.

सुरुवातीला मला राग यायचा. मी एकेकाला फोन करायचे, समजावायचे, कधी आवाज चढायचा. ऐकणारे ‘हो मॅडम, सॉरी मॅडम’ म्हणायचे आणि पुढच्या सत्रात तेच करायचे. मग राग येईनासा झाला. त्याच्या जागी दुसरं काही आलं असंही नाही. मेथी निवडताना पिवळं पान बाजूला काढावं तसं ‘नक्कल आढळली’ निवडायचं आणि पुढचा कागद उघडायचा. नवरा एकदा माझ्या पाठीमागे उभा राहून बघत होता. म्हणाला, “वाचतेस तरी का?”

“वाचलेलंच असतं,” मी म्हटलं.

गेल्या वर्षी शेवटच्या सत्राचे स्वाध्याय मी असेच तीन दिवसांत संपवले. चाळीसेक जणांना नकलेचं पत्र गेलं. त्यात एक बाई होती. माझ्याच वयाची. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात नवऱ्याच्या जागेवर शिपाई म्हणून लागलेली. जुईनगर स्टेशनच्या पलीकडे जुनं गावठाण आहे, तिथली. वर्गाला कधी चुकायची नाही. मागच्या बाकावर बसून मी बोलेन ते वहीत उतरवायची. तिने एकदाही प्रश्न विचारला नव्हता, त्यामुळे मला ती चेहऱ्यानेच माहीत होती.

पत्र गेल्यानंतरच्या शनिवारी ती केंद्रात आली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून पत्राची छापील प्रत काढून तिने माझ्यासमोर ठेवली. कागदाला घडी नव्हती. कागद सांभाळायची सवय असलेल्या माणसाचा कागद.

“मॅडम, नक्कल आढळली असं आलंय.”

“हो.”

“आता आढळली म्हंजे? मी लपवली कुठं? खाली लिहिलंय ना.”

मला वाटलं, नेहमीचा युक्तिवाद. “कुठे लिहिलंय?”

“शेवटाला. तिन्ही उत्तरांच्या.”

मी लॅपटॉपवर तिचे स्वाध्याय उघडले. पाठ्यपुस्तकातला मजकूर होता, शब्दन् शब्द. मुद्रितशोधकाने सोडलेली पुस्तकातली चूकसुद्धा तशीच होती, ‘नागरिकीकरण’. आणि शेवटच्या ओळीखाली, डावीकडे, थोडी जागा सोडून लिहिलेलं होतं: ‘अस्सलबरहुकूम खरी नक्कल.’ त्याखाली तिची पूर्ण सही आणि तारीख. तिन्ही उत्तरांखाली.

मी तिथपर्यंत पोचलेच नव्हते. दीड मिनिटात शेवटची ओळ येत नाही.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“आमच्यात असंच लिहितात,” ती म्हणाली. “मी नकलांत हाय.”

मग तिने सांगितलं ते असं. कागदावर ती शिपाई, पण अक्षर चांगलं म्हणून वीस वर्षं तिला नकला विभागात बसवलेली. जमिनीच्या जुन्या नोंदी तिथे असतात. लोक अर्ज करतात, त्यांना नोंदीची प्रत द्यावी लागते. बऱ्याचशा आता मशीनवर निघतात. पण काही कागद इतके विरलेले असतात की मशीनवर काळा ढग उमटतो. ते हाताने उतरवावे लागतात. मुळात चूक असेल तर चूकच लिहायची. शब्द समजला नाही तर दिसतो तसा काढायचा. मग खाली लिहायचं, ‘अस्सलबरहुकूम खरी नक्कल’, म्हणजे मुळात आहे तसं उतरवलं आहे. साहेब ताडून बघतात आणि सही करतात.

“काना बदलला तरी नक्कल रद्द होते, मॅडम. आमच्या सेक्शनला एकानं शहानपना केला. मुळात नाव चुकीचं हाय म्हनून नीट करून लिहिलं. सहा महिने सस्पेंड.”

“अहो ताई, पण हा अभ्यास आहे.”

“ते मला कळतंय. पन पेपरावर काय लिहिलंय बघा तुमी.”

तिने पिशवीतून दुसरा कागद काढला. आमचं सूचनापत्र. त्यावर सूचना अशी होती: ‘स्वाध्याय स्वतःच्या हस्ताक्षरात, पाठ्यपुस्तकातील मजकुरास धरून, खाडाखोड न करता लिहावा.’ त्याखाली हमीपत्र होतं: ‘सदर लेखन माझे स्वतःचे आहे.’

“हस्ताक्षर माझं,” तिने बोट ठेवत सांगितलं. “मजकुराला धरून हाय. खाडाखोड एक नाय. लेखन मीच केलंय, लेकीला पन हात लावू दिला नाय. मग चुकलं कुठं ते सांगा.”

मी तो कागद वाचला. आधी शेकडो वेळा पाहिला होता, वाचला नव्हता. ‘लेखन’ म्हणजे हाताने लिहिणं आणि ‘लेखन’ म्हणजे डोक्याने लिहिणं, मराठीत दोन्हीला तोच शब्द. ‘मजकुरास धरून’ म्हणजे काय, ते ज्याच्या त्याच्या धंद्यावर अवलंबून. आणि पुस्तक मिटून स्वतः विचार करा, असं त्या कागदावर कुठेही म्हटलेलं नव्हतं. कागद मी लिहिला होता. मुख्यालयाने इंग्रजी मजकूर पाठवला होता, संध्याकाळपर्यंत मराठी हवं म्हणून, आणि मी अर्ध्या तासात करून दिलं होतं.

हे मी तिला लगेच सांगितलं नाही. विचारलं, “निकाल कधी हवाय?”

“म्हैन्याभरात. लिपिकाची यादी लागनार हाय. टायपिंगची परीक्षा झालेली हाय, बी.ए.चा निकाल जोडायचा राहिलाय. या वेळची यादी गेली तर पुढची लागेस्तोवर मी रिटायर.” सूचनापत्र पिशवीत ठेवत ती म्हणाली, “शिपाई म्हनूनच.”

नियम असा होता: एका विषयाच्या तिन्ही स्वाध्यायांत नक्कल आढळली तर विषय रद्द. पुन्हा नोंदणी पुढच्या वर्षी. तिच्या तिन्हींत आढळली होती. तिने स्वतःच सहीनिशी तसं लिहून दिलं होतं.

“विद्यापीठाच्या समितीकडे अर्ज करा,” मी म्हटलं. “मी मजकूर सांगते.”

“सांगा,” ती म्हणाली आणि पेन काढलं.

समितीची बैठक आठवड्याभराने ऑनलाइन झाली. विद्यार्थिनीने हजर राहायचं होतं. तिच्या मोबाइलवर आवाज तुटत होता म्हणून ती केंद्रात आली आणि माझ्या शेजारी, माझ्याच लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर दोघं होते. मुख्यालयातले अध्यक्ष सर आणि दुसऱ्या केंद्रावरच्या एक प्राध्यापक बाई. चौकोनात आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून बसलेल्या, लग्नातल्या फोटोसारख्या.

सरांनी कागद वाचून विचारलं, “आपण नक्कल केली हे आपल्याला मान्य आहे का?”

“होय साहेब. खरी नक्कल केली.”

“खरी म्हणजे?”

“अस्सलबरहुकूम. ताडून बघा तुमी.”

प्राध्यापक बाईंनी कॅमेरा बंद केला. मायक्रोफोन बंद करायचा राहिला, त्यामुळे त्यांचं हसणं आम्हाला ऐकू आलं. माझ्या शेजारची ती हसली नाही. तिचे दोन्ही हात टेबलावर होते आणि एका हाताचा अंगठा दुसऱ्या हाताच्या नखांवरून फिरत होता.

“बाई,” सर म्हणाले, “इथे खऱ्या-खोट्याचा प्रश्न नाही.”

“मग कसला हाय?”

“विद्यार्थ्याने स्वतःचे विचार मांडणं अपेक्षित असतं.”

“अपेक्षित हाय तर लिहायचं ना तसं. आमच्याकडं अर्जदाराला काय काय जोडायचं ते सगळं भिंतीवर लावलेलं हाय. तरी लोक इचारतात, ते वेगळं.”

सरांनी चष्मा काढला. “मॅडम, सूचनापत्र वाचून दाखवा.”

मी वाचून दाखवलं. दोन ओळी.

“हे कुणी तयार केलं?” सरांनी विचारलं.

“मी.”

“म्हणजे आपलं म्हणणं काय?”

“सूचना चुकीची आहे. त्यांनी सूचना पाळली आहे.”

“हे लेखी द्याल?”

“देते.”

“आपल्या नस्तीत जाईल ते. जूनमध्ये आपल्या नियुक्तीचं नूतनीकरण आहे.”

“जाऊ दे.”

यात शौर्य नव्हतं. लिहून द्यायचं ते खरं होतं आणि सहा ओळींत मावत होतं. तेव्हा मला तिच्याबद्दल फार वाटत होतं असंही नाही. बैठक लांबत चालली होती, आणि पडद्यावर माझी मान वाकडी दिसत होती, तेवढं लक्षात आहे.

कॅमेरा सुरू करून प्राध्यापक बाई म्हणाल्या की, मग उरलेल्या चाळीसांचं काय? तेही उद्या म्हणतील, सूचना पाळली. त्यांचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, बाकीच्यांनी कुणी खाली नक्कल असं लिहिलेलं नाही, ते आपलं म्हणून खपवत होते. ही एकटी आहे जिने कुठून घेतलं आणि कसं घेतलं ते सांगितलं. सरांनी बराच वेळ काहीतरी टाइप केलं आणि निर्णय वाचला. तिन्ही उत्तरं आठ दिवसांत स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहायची. मूल्यमापन माझ्याकडेच. एकातही नक्कल आढळली तर विषय रद्द, पुन्हा अर्ज नाही.

लॅपटॉप मिटल्यावर ती म्हणाली, “स्वतःच्या शब्दांत म्हंजे कसं, ते कुठं लिहिलेलं मिळंल?”

शनिवारी मी तिला वर्गानंतर थांबवून घेतलं. तीन प्रश्नांतला एक होता, ‘नागरीकरणाचा गावांवर झालेला परिणाम स्पष्ट करा.’ मी म्हटलं, पुस्तक मिटा. तुमच्या गावात काय झालं ते सांगा.

तिने पुस्तक मिटलं, पण बोट पानात ठेवलं.

“मी काय सांगनार, मॅडम. पुस्तकात हाय ना.”

“पुस्तकात तुमचं गाव नाही.”

“मग ते खरं कशावरून धरायचं? कुनी ताडून बघितलंय?”

“तुम्ही पाहिलंय, तेवढं पुरे.”

“आमच्यात तेवढं पुरत नाय. लोक रोज येतात, सांगतात, आमच्या आज्यानं ही शेती केली, आमी सोताच्या डोळ्यांनी बघितली. साहेब म्हनतात, कागद दाखवा.” ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. “आनि साहेबांचं पन चूक नाय. माझ्या सख्ख्या दिरानं डोळ्यांनी बघितलेलं काय काय सांगितलंय, मला ठाऊक हाय.”

मी इतकी वर्षं ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ असं प्रश्नपत्रिकेवर छापत आले. शाळेत असल्यापासून मीही ते वाचत आले. पण शाळेत रोज एक पान पुस्तकातून उतरवून न्यायचं असे, त्याला आम्ही शुद्धलेखन म्हणायचो. न चुकता उतरवलं की बाई ‘छान’ असा शेरा द्यायच्या. निबंध पाठ करायचा, उत्तर पाठ करायचं, जसंच्या तसं आलं की पैकीच्या पैकी. दहा-बारा वर्षं असं केल्यावर एके दिवशी कुणीतरी सांगतं की हा गुन्हा आहे. मधल्या काळात स्वतःचे शब्द कुठून येतात हे कुणी शिकवलेलं नसतं. मीही शिकवलं नव्हतं. ओळखायला शिकले होते, तेवढंच.

तर मी तिला करून दाखवलं. म्हटलं, समजा मी तुमच्या गावाबद्दल बोलते आहे, असं बोलेन. आणि मी बोलले, पंधरा-वीस मिनिटं. खाडीकाठचं गाव, मासेमारी, मिठागरं, थोडी शेती. मग जमिनी गेल्या, शहर आलं, कारखाने आले, शिपायाच्या आणि पहारेकऱ्याच्या नोकऱ्या आल्या. घरांवर मजले चढले, भाडेकरू आले. गावाच्या नावाचं स्टेशन झालं आणि गाव स्टेशनच्या मागे पडलं. मला बोलायला बरं वाटत होतं, बऱ्याच दिवसांनी. ती वहीत लिहीत होती. मला वाटलं, मुद्दे काढते आहे.

“कळलं?” मी विचारलं.

“कळलं.”

सातव्या दिवशी दुपारी तिचे स्वाध्याय आले. मी कुकर लावला होता. दोन शिट्ट्या होईपर्यंत पहिलं उत्तर वाचलं. विषय होता कुटुंबसंस्थेतले बदल. उत्तर तिचं होतं, यात शंका नव्हती. आणि वाईट होतं. सासूच्या वेळी घरात किती चुली होत्या, आता किती आहेत, कोणत्या वर्षी कोण वेगळं निघालं आणि का, हे नोंदवहीसारखं ओळीने लिहिलेलं. कारणमीमांसा नाही, संकल्पना नाहीत. एका ठिकाणी ‘कारण माहीत नाही’ असंही होतं. पण कुठून उचललेलं नव्हतं. ‘समाधानकारक’ निवडलं. दुसरं जरा बरं होतं. तेही निवडलं.

तिसरं गावाबद्दलचं.

पहिली ओळ वाचली आणि वाटलं, हे मी वाचलेलं आहे. नेहमीचं वाटणं. कुठून आलं ते आठवायला मात्र या वेळी वेळ लागला. गाईड नाही, संकेतस्थळ नाही, यंत्र नाही. दुसऱ्या परिच्छेदात ‘आता गंमत बघा’ असं आलं, आणि मग कळलं. ‘आता गंमत बघा’ मी म्हणते. वर्गात दहा मिनिटांतून एकदा तरी. माझी मुलगी त्यावरून मला चिडवते. पुढे ‘गाव स्टेशनच्या मागे पडलं’ होतं, ‘म्हणजे कसं’ होतं, मी मध्येच पाणी प्यायले तिथे नवीन परिच्छेद होता. वीस मिनिटं ती माझं बोलणं उतरवून घेत होती. एक शब्द सुटलेला नव्हता.

मी गॅस बंद केला.

नियमाने हे सरळ होतं. एकातही नक्कल आढळली तर विषय रद्द. आणि इथे ती ओळखू शकणारी फक्त मी होते. तो मजकूर जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. कुठल्याही सॉफ्टवेअरला तो सापडला नसता, समितीला कळला नसता. मी ‘समाधानकारक’ निवडलं असतं तर कुणी मला विचारणार नव्हतं, आणि ‘नक्कल आढळली’ निवडलं असतं तर कशावरून, असं विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं की माझ्यावरून. मी तिला फोन करायचा विचार केला. पण आठवा दिवस उद्या होता, तिचं कार्यालय चालू होतं, आणि मी काय सांगणार होते? मीच सांगितलं होतं, असं बोलेन म्हणून. ती तशी बोलली होती.

मी ‘नक्कल आढळली’वर बाण नेला. चाळीस जणांना ज्या नियमाने पाडलं त्याने हिलाही पाडायला हवं. मनात दुसरं काही नव्हतं. मग, या वेळी तरी शेवटची ओळ वाचावी म्हणून, पुढचं वाचत गेले.

तिसऱ्या पानावर मध्येच काही ओळी माझ्या नव्हत्या. मी म्हटलं होतं, गावाला मिठागरात बारमाही काम होतं. मला तसं वाटायचं, कुठे वाचलं होतं कुणास ठाऊक. तिने तिथे लिहिलं होतं: ‘मिठागराचे काम दिवाळी झाल्यावर लागे व मिरगाला बंद होई. पावसात मिठागरे पाण्याखाली असत. तेव्हा लोक भात लावीत. बारमाही काम कधीच नव्हते.’ आणि समासात, त्या ओळींच्या बरोबर समोर, तिची लघुस्वाक्षरी होती. नावाची दोनच अक्षरं. मुळापेक्षा वेगळं काही लिहायचं झालं तर ज्याने बदल केला त्याने बाजूला अशी छोटी सही करायची, सरकारी कागदांचा हा नियम मलाही माहीत आहे. म्हणजे, हे इथे बदललं आहे, मी बदललं आहे, विचारायचं तर मला विचारा.

सहा महिने निलंबित झालेला तो माणूस मला आठवला. मुळात चूक दिसली म्हणून त्याने नीट करून लिहिलं होतं. तिने तेच केलं होतं, सही करून.

तीन पानांत चार वाक्यं. ती चार वाक्यं मला माहीत नव्हती आणि पुस्तकातही नव्हती. बाकी सगळं माझं होतं. तेवढ्यावर पास करावं की नाही, याचा कुठलाही नियम सूचनापत्रात नव्हता, आणि असता तर तो मीच लिहिलेला असता. मी पंधरा मिनिटं बसून राहिले. माझ्या हिशेबात ते दहा स्वाध्याय होतात. मग ‘समाधानकारक’ निवडलं आणि तक्ता पाठवून दिला.

बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. वरण घट्ट झालं होतं, त्यात पाणी घालून पुन्हा उकळलं.

निकाल वेळेवर लागला. जूनमध्ये माझं नूतनीकरण झालं, फक्त सूचनापत्राचं काम दुसऱ्या केंद्राकडे गेलं. त्यांनी नवीन कागद काढला आहे. त्यात ‘स्वतःच्या विचारांनी’ असे शब्द आहेत. या सत्रात सत्तावीस उत्तरं ‘माझ्या स्वतःच्या विचारांनी मला असे वाटते की’ अशी सुरू झाली आणि पुढे पुस्तक होतं. मी आता प्रत्येकाला पाच मिनिटं फोन करते आणि लिहिलेल्यातलं एक वाक्य पुन्हा सांगायला लावते. वेळ चौपट लागतो. काही जण सांगू शकतात. मुख्यालय म्हणतं, एवढा वेळ देणं परवडणार नाही.

लिपिकाची यादी लागली त्या दिवशी तिचा फोन आला. दुपारच्या सुट्टीत केला असावा, मागे डब्यांचा आवाज होता.

“मॅडम, नाव हाय.”

“छान झालं.”

“सोळावं हाय. पन हाय.”

“अभिनंदन, ताई.”

ती लगेच फोन ठेवेल असं वाटलं होतं. ठेवला नाही.

“ते तिसरं उत्तर,” ती म्हणाली. “तुमी वाचलं?”

“वाचलं.”

“काय बोललात नाय.”

“काय बोलायचं? मिठागराचं तुमचं बरोबर आहे. मी चौकशी केली.”

“कुनाकडं?”

“तुमच्याच गावातल्या एका म्हातारबाबांकडे.”

“मग ठीक हाय,” ती म्हणाली. आता तिला समाधान वाटलं, ताडून बघितल्याचं. “आनि बाकीचं?”

“बाकीचं माझं होतं.”

पलीकडे डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

“हां,” ती म्हणाली. “पन तुमचं होतं म्हंजे बरोबरच असनार ना?”